मामाच्या डब्यात गवयांचे सहीवाले फोटो सापडलेत, सही खरी आहे का कसं ओळखायचं?

ठाकूरद्वार_नाका
रविवार, रात्री ९:१२

नमस्कार, मी इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा मामा मार्चमध्ये गेला. गिरगावातली त्याची चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीये, महिनाअखेर खोली रिकामी करून द्यायचीय, त्यामुळे मी आणि माझा मामेभाऊ दर शनिवार-रविवार जाऊन सामान काढतोय. काल कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात बिस्किटाचा पत्र्याचा डबा मिळाला आणि त्यात अकरा फोटो, सगळे गाण्या-बजावण्यातल्या लोकांचे. आजोबा (आईचे वडील) गिरगावातच एका छापखान्यात कंपोझिटर होते, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, गाण्याच्या कार्यक्रमांची हँडबिलं तिकिटं वगैरे तिथे छापायची एवढं आईकडून ऐकलंय. मामा बँकेत होता पण गाण्याचं वेड घरातच.

त्यातले तीन फोटो मला कळत नाहीयेत.

एक केसरबाई केरकरांचा, पोस्टकार्डाएवढा, खाली शाईने सही आहे आणि ती शाई आता चॉकलेटी दिसते. फोटोवर चारी बाजूंनी लाल पेन्सिलच्या रेघा मारल्यात, अगदी पदरावरूनसुद्धा गेलीये एक रेघ, आणि मागे काहीतरी आकडे.

दुसरा अब्दुल करीम खाँसाहेबांचा, मोठा, गुळगुळीत चकचकीत, त्यावर निळ्या बॉलपेनने देवनागरीत नाव लिहिलंय, मामेभावाला वाटतं हीच सही आणि हाच सगळ्यात किमती.

तिसऱ्यात एक तरुण माणूस तबल्यावर बसलाय, कोण आहे कुणालाच माहीत नाही, आईलाही नाही. मागे मोडीत दोन-तीन ओळी आहेत आणि त्यावरच पिवळी पडलेली चिकटपट्टी लावलीये.

तर प्रश्न असा की सह्या खऱ्या आहेत का, आणि त्या लाल रेघा खोडरबरने नाहीतर स्पिरिटने काढता येतील का, कारण मामेभावाला नवीन घरात सगळे फ्रेम करून हॉलमध्ये लावायचेत. शिवाय चोरबाजारात मटण स्ट्रीटवरचा एक ओळखीचा दुकानदार सगळा डबा एकरकमी घ्यायला तयार आहे. मला घाई करायची नाहीये पण खोलीची तारीख डोक्यावर आहे.

जुनी_तबकडी
रविवार, रात्री ११:४०

ताई, पहिली गोष्ट, आज रात्री कुठलाही रबर, स्पिरिट, ओला कपडा त्या फोटोंच्या जवळ नेऊ नका आणि भावालाही सांगा. बाकी सगळं नंतर.

त्या लाल रेघा म्हणजे घाण नाहीये हो. आजोबा छापखान्यात होते हे तुम्ही स्वतःच लिहिलंय आणि उत्तर त्यातच आहे. पूर्वी हँडबिलात किंवा कार्यक्रमाच्या पुस्तिकेत फोटो छापायचा म्हणजे आधी त्याचा ब्लॉक करून घ्यावा लागायचा, म्हणजे फोटो ब्लॉक करणाऱ्याकडे जायचा, तो त्याचं जाळीतून निगेटिव्ह काढून जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचा आणि मग तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या बरोबर मशीनवर चढायचा. फोटोतला किती भाग घ्यायचा ते कळावं म्हणून फोटोवरच लाल-निळ्या पेन्सिलने रेघा मारायचे आणि मागे माप लिहायचे, इतके इंच रुंद, अमुक कॉलम. तुमचे आकडे तेच असणार. म्हणजे हा फोटो कुणी हौशीने दुकानातून विकत आणलेला नाही, गायिकेकडून किंवा कार्यक्रम करणाऱ्यांकडून तो छापखान्यात आला आणि तिथे कामाला लागला, हे त्या रेघा सांगतायत. सही खरी की खोटी यावर दहा जण दहा मतं देतील, पण ही वाट कुणी नक्कल करून बनवत नाही कारण नक्कल करणाऱ्याला फोटो स्वच्छ हवा असतो. मी गेली पस्तीस वर्षं रेकॉर्ड आणि फोटो जमवतोय, रेघा असलेला फोटो मला कोऱ्यापेक्षा जास्त प्यारा आहे.

आता खाँसाहेब. ते गेले १९३७ साली. बॉलपेन बाजारात विकायला आलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाकडे, १९४५ च्या आसपास. त्यामुळे बॉलपेनने त्यांनी सही करणं शक्यच नाही, इथे वादाला जागा नाही. पण म्हणून लगेच ‘खोटी सही’ असंही म्हणू नका, मामाचं अक्षर काढून शेजारी ठेवा, जुनी डायरी, बँकेचं पासबुक, काहीही. मला वाटतं त्यांनी नुसतं नाव लिहून ठेवलंय, जसं आपण अल्बममध्ये लिहितो. आणि फोटोचा कागद प्लॅस्टिकसारखा लागतो का ते बघा. तसा कागद, त्याला आरसी म्हणतात, साधारण १९७० च्या आसपास सर्रास आला, म्हणजे तो जुन्या फोटोवरून नंतर काढलेला फोटो असेल. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर पत्ता वाचा. ‘मुंबई ४’ एवढंच असेल तर जुना, सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड सुरूच त्या दिवशी झाला.

केसरबाईंच्या सहीसाठी दोन गोष्टी करा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं चालेल, आणि सहीच्या रेषेत बारीक ठिपक्यांची जाळी दिसते का बघा, जाळी असेल तर सही छापील आहे. मग खोलीतला दिवा बंद करून टॉर्च फोटोच्या कडेला जवळजवळ आडवा धरा. शाईने वर लिहिलेलं असेल तर फोटोच्या चकाकीवर शाईची वेगळी चकाकी दिसते, कधी निब घासल्याची खाचसुद्धा. त्याच उजेडात कडेकडेला निळसर चंदेरी झाक दिसली तर घाबरू नका, जुन्या फोटोतली चांदी वर येते ती, चांगली खूण आहे.

चोरबाजाराच्या दुकानदाराला ‘नंतर बघू’ म्हणा. तो वाईट माणूस असेल असं नाही, पण तो अकरा फोटो अकरा गिऱ्हाइकांना विकणार आणि मग हे सगळे एका कंपोझिटरच्या घरातले होते हे कायमचं पुसलं जाणार.

सोनाटा_माहीम
सोमवार, सकाळी ८:०५

वरच्या काकांशी सहमत. मी पाश्चात्य क्लासिकलवाल्यांचे सही केलेले फोटो जमवतो, पियानो आणि व्हायोलिनवाले जास्त, त्यामुळे तुमच्या फोटोंवर मत देणार नाही, पण सहीबद्दल थोडं सांगतो.

तिकडे हा बाजार खूप जुना आणि मोठा आहे आणि फसवाफसवीही तेवढीच जुनी. रेकॉर्ड कंपन्या कलाकाराचे फोटो छापून वाटायच्या त्यावर सही आधीच छापलेली असायची, शिवाय काहींच्या सह्या सेक्रेटरीच करायचे. मी सुरुवातीला एका पियानिस्टचा फोटो घेतला, बरोबर सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट, बारा हजार रुपये दिले, पहिल्याच पगारवाढीतले, आणि सहा महिन्यांनी तोच फोटो दुसऱ्या एका लिलावात दिसला, तीच सही, तोच वळसा, त्याच जागी. दोन्ही सह्या एकावर एक ठेवल्या तर तंतोतंत बसल्या. माणूस दोनदा हुबेहूब तशीच सही करूच शकत नाही. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत, फोनही उचलणं बंद केलं. तेव्हापासून मी सर्टिफिकेट बघतच नाही, फोटो कुठून आला एवढंच विचारतो.

नक्कल ओळखायची अजून एक खूण म्हणजे वेग. सही करणारा रोजच्या सवयीने करतो, रेषेचं शेपूट बारीक होत जातं. बघून काढणारा हळू काढतो, रेषा थरथरते, टोकं बोथट राहतात, मध्येच पेन उचलून परत टेकवल्याचं दिसतं.

आणि ‘दुर्मीळ’ हा शब्द जपून वापरा. व्हायोलिनवाले येहुदी मेन्युइन १९५२ मध्ये भारतात आले, मुंबईतही वाजवलं, पुढे कितीदा येत राहिले आणि आयुष्यभर भरपूर सह्या दिल्या, त्यामुळे नाव कितीही मोठं असलं तरी त्यांची सही मिळते. उलट पियानिस्ट दिनू लिपाटी १९५० मध्ये ३३ व्या वर्षी गेला, व्हायोलिनवाली जिनेट नव्हू १९४९ मध्ये विमान अपघातात तिशीत गेली, यांच्या सहीचा फोटो समोर आला तर हात थांबतो. आयुष्य लहान, म्हणून सह्या थोड्या.

एक प्रॅक्टिकल मुद्दा. ‘अमक्यास सप्रेम’ असं नाव घालून केलेली सही बाजारात थोडी कमी भावाने जाते, नुसती सही लोकांना जास्त आवडते. केसरबाईंच्या फोटोवर कुणाचं नाव आहे का?

पार्ले_षड्ज
सोमवार, दुपारी ३:२०

सोनाटा, तुमच्या बाजारात जात असेल कमी भावाने, पण मला हे अजिबात पटत नाही हो. नाव घातलेली सही म्हणजे दोन माणसं समोरासमोर उभी होती याचा पुरावा, ती कमी कशी? नुसती सही कुणाचीही, कुठलीही. माझ्याकडे जे थोडे आहेत त्यातले सगळे नावाचे आहेत आणि ज्यांची नावं आहेत त्यातले निम्मे आता नाहीत.

दुर्मीळचं म्हणाल तर आपल्याकडेही तसंच आहे. गायक द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये गेले, ३४ वर्षांचे होते. सुरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवी तर मुंबईत वॉर्डन रोडला इतकी वर्षं राहिल्या पण मैफल करायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं, २०१८ ला गेल्या, त्यांचे फोटोच मुळात थोडे. केसरबाईंचं बघा, त्यांच्या रेकॉर्डही मोजक्याच, आणि १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नासाची व्हॉयेजर अवकाशयानं सुटली त्यांच्यातल्या तबकडीवर त्यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, आहे आणि त्या स्वतः त्याच सप्टेंबरात १६ तारखेला गेल्या. आवाज ताऱ्यांमधल्या अवकाशात गेला आणि त्यांच्या हातची सही गिरगावात बिस्किटाच्या डब्यात, मला वाचताना भरून आलं खरंच.

अजून एक सांगते, नवीन लोकांसाठी. ३ फेब्रुवारीला तबलानवाझ अल्लारखाँसाहेबांच्या बरसीला, म्हणजे पुण्यतिथीला, षण्मुखानंद हॉलला पहाटेपासून कार्यक्रम असायचा, आम्ही पार्ल्याहून पहिल्या गाडीने किंग्ज सर्कल गाठायचो. तिथे घेतलेल्या सह्या माझ्याकडे आहेत, त्यांच्या मुलाची, झाकीरभाईंचीही (झाकीर हुसेन) आहे, पण साल मी कुठेच लिहिलं नाही आणि आता कुठली बरसी ते काही केल्या आठवत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ते गेल्यावर मी तो फोटो काढून बसले आणि नुसतं आठवत राहिले. बरोबर कोण होतं, काय ऐकलं, घरी येऊन त्याच दिवशी वेगळ्या कागदावर लिहून ठेवायला हवं होतं.

ठाकूरद्वारताई, आई आहेत ना अजून? अकरा फोटो त्यांच्यासमोर मांडा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि बोलू द्या. या आठवड्यातच. आणि तो मोडीचा मजकूर स्कॅन करून टाका, मी मोडी शिकलेय, प्रयत्न करते.

कागदवैद्य
सोमवार, रात्री १०:५०

जुने कागद आणि फोटो दुरुस्त करणं हेच माझं काम आहे म्हणून ठेवण्याबद्दल लिहितो, सहीतलं मला कळत नाही.

शाई फाउंटन पेनची असेल तर ती पाण्याने पसरते, ओलं बोटसुद्धा लावू नका. चिकटपट्टी ओढू नका, फोटोचा थर किंवा मागचं अक्षर तिच्याबरोबर निघून येईल, हेअर ड्रायरचे व्हिडिओ बघून तर मुळीच नाही. लॅमिनेशन म्हणजे फोटो संपला असं समजा. चिकट पानांचे अल्बम आणि वास येणारे पीव्हीसीचे पाऊच, दोन्ही नकोत. प्रत्येक फोटो वेगळ्या ॲसिड-फ्री कागदाच्या पाकिटात किंवा पॉलिस्टरच्या पाऊचमध्ये आणि मग पुठ्ठ्याच्या ॲसिड-फ्री खोक्यात.

मुंबईत खरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर बुरशी येते, कसर लागते. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्याभराने बदला नाहीतर त्यांचा उपयोग नाही. डांबरगोळ्या फोटोबरोबर नकोत.

हॉलमध्ये लावायचेच असतील तर चांगला स्कॅन करून त्याची प्रिंट लावा. मूळ सही उजेडात दहा वर्षांत फिकी होईल आणि गेलेली शाई परत आणता येत नाही. चिकटपट्टीसाठी फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं कॉन्झर्वेशन सेंटर आहे, तिथे विचारा.

ठाकूरद्वार_नाका
शनिवार, संध्याकाळी ७:३०

सगळ्यांचे मनापासून आभार, आठवडाभर तुमचंच वाचून काम करतेय.

खाँसाहेबांचा फोटो: कागद प्लॅस्टिकसारखाच लागतो, मागे स्टुडिओचा शिक्का आणि त्यात ४०० ००४. आणि अक्षर मामाचंच. त्याच्या हिशेबाच्या वहीतला ‘क’ आणि हा ‘क’ एकच, खाली गाठ मारल्यासारखा. मामेभाऊ थोडा हिरमुसला पण मग म्हणाला बाबांच्या अक्षरातलं असं काहीच माझ्याकडे नव्हतं, हा मीच ठेवतो.

केसरबाई: भिंगातून जाळी नाही, टॉर्चमध्ये शाई वेगळी चमकते, कडेला निळसर झाकही आहे. वर कुणाचं नाव नाहीये, नुसती सही. आईला दाखवला तर ती पटकन म्हणाली हा तर दादांनी (आजोबांना ती दादा म्हणते) प्रेसमधून आणलेला, ब्लॉक झाल्यावर मालकाने त्यांना देऊन टाकला होता. तिने रेघेवर बोट ठेवून सांगितलं की दादा घरीसुद्धा शर्टाच्या खिशात ती लाल-निळी पेन्सिल ठेवायचे, लाल टोक झिजून आखूड व्हायचं आणि निळं तसंच राहायचं. मला हे माहीतच नव्हतं. रेघा राहणार.

दुकानदाराला नाही म्हणून सांगितलं.

मोडीचा स्कॅन टाकलाय, पार्ले_षड्ज ताई बघा ना.

पार्ले_षड्ज
रविवार, सकाळी ६:५५

रात्रभर तेच डोक्यात होतं, पहाटे उठून परत बसले. अक्षर चांगलं आहे, घाईत लिहिलेलं.

पहिली ओळ ‘गणपतीचा कार्यक्रम, शके १८७१’. म्हणजे १९४९ चे गणपती. दुसरी ओळ ‘काम होताच फोटो परत देणे, एकच प्रत आहे’. ‘एकच’ खाली रेघ मारलीये. तिसऱ्या ओळीत नाव आहे, पण ती पूर्ण ओळ चिकटपट्टीखाली गेलीये, मला फक्त शेवटी ‘कर’ असं वाटतंय आणि तेही खात्रीने नाही, म्हणून अंदाजाने नाव लिहीत नाही.

जुनी_तबकडी
रविवार, सकाळी ९:३०

एकच प्रत आहे. वाचून गलबलून आलं.

ताई, अकरातला हा तबल्यावरचा फोटो सगळ्यात मोलाचा आहे माझ्या मते, आणि तो तुमचा नाही. त्या मुलाने, वीस-बाविशीचा दिसतो, आपला एकुलता एक फोटो हँडबिलात छापायला दिला होता आणि तो राहून गेला. आजोबांनी मुद्दाम ठेवला असेल असं मी म्हणत नाही, प्रेसमध्ये असं व्हायचंच, माणूस न्यायला आला नाही की खणात पडून राहायचं. पण त्यांनी तो फेकला नाही, आणि मामानेही नाही.

साथीदारांची नावं हँडबिलात गायकाच्या नावाखाली बारीक टाइपात असायची, पण असायची. १९४९ च्या गणपतीतलं हँडबिल मिळालं तर नाव मिळेल, ब्लॉक केला म्हणजे फोटोही छापला गेला असणार. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी आहेत, एनसीपीएचं (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) संग्रहालय आहे, गिरगावातले जुने श्रोते आहेत अजून काही, आपण विचारत जाऊ. चिकटपट्टी मात्र कागदवैद्य म्हणतात तशीच, त्यातल्या माणसाकडूनच.

खोलीला पोटमाळा आहे का? कंपोझिटर माणूस आपण जुळवलेल्या कामाची एक-एक प्रत घरी आणून ठेवायचा बऱ्याचदा.

ठाकूरद्वार_नाका
रविवार, सकाळी ९:४८

पोटमाळा आहे. वर सुतळीने बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत, आम्ही ते रद्दीवाल्यासाठी बाजूला काढून ठेवले होते, तो आज अकरा वाजता येणार होता. त्याला फोन करून थांबवलंय. मी आणि भाऊ आत्ताच निघतोय, आईलाही बरोबर घेतोय.